नागरिकांनी वाहतूक नियमभंगाची तक्रार करावी, पण नेमकी कशाची?

सावकाश

पुणे वाहतूक पोलिसांनी 2025 मध्ये ‘पीटीपी ट्रॅफकॉप’ हे ॲप आणले आणि नियम मोडणाऱ्या वाहनाचा फोटो थेट पोलिसांकडे पाठवण्याची सोय पुणेकरांच्या हाती आली. राज्य पातळीवरच्या ‘महाट्रॅफिक’ ॲपमध्येही अशी सोय आहे. बेंगळुरूमध्ये ‘पब्लिक आय’ 2015 मध्ये सुरू झाले, दिल्लीतील ‘ट्रॅफिक सेंटिनेल’ योजना त्याच वर्षाच्या अखेरीस आली. जून 2022 मध्ये नितीन गडकरी यांनी चुकीच्या जागी लावलेल्या गाडीचा फोटो पाठवणाऱ्याला पाचशे रुपये देण्याची कल्पनाही बोलून दाखवली होती. असे असूनही आपली चर्चा ‘तक्रार करावी की करू नये’ यापलीकडे फारशी जात नाही. तक्रार करावी असे माझे मत आहेच. मला त्यापुढचा प्रश्न येथे मांडायचा आहे.

फोटोत जे मावते तेवढेच तक्रारीत येते, असे मला दिसते. पदपथावर चढवलेली मोटार, हेल्मेट न घातलेला दुचाकीस्वार, एका स्कूटरवर बसलेले तिघे, ‘नो एन्ट्री’तून येणारा टेम्पो हे सगळे एका क्षणात टिपता येते आणि नंबर प्लेटही स्वच्छ दिसते. याउलट ज्या वागण्यामुळे रस्त्यावर खरोखर जीव मुठीत धरावा लागतो, म्हणजे मागून अगदी अंगावर येऊन हॉर्न वाजवत राहणे, डावीकडून घुसून कट मारणे, समोरच्याच्या डोळ्यांवर अप्पर टाकून गाडी दामटणे, इंडिकेटर न देता एकाएकी वळणे, यांतले काहीही स्थिर चित्रात दिसत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशातील रस्त्यांवर 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली, त्यांपैकी 15,224 महाराष्ट्रात. देशातील या मृत्यूंपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या नावावर नोंदलेले आहेत. अतिवेग सिद्ध करायला स्पीडगन किंवा कॅमेरा लागतो, आणि पदपथावर फोन घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे तो नसतो.

एक उदाहरण देतो. संध्याकाळच्या गर्दीत पुण्यातील नळस्टॉपच्या चौकात उभे राहून पाहावे. सिग्नल लाल असतो आणि सेकंद उलटे मोजले जात असतात; शेवटचे सात-आठ सेकंद उरले की दुचाकींची पुढची चाके वीतवीत पुढे सरकू लागतात. भाजीची पिशवी घेऊन झेब्रा पट्ट्यांच्या मध्यावर पोहोचलेल्या आजींना मग त्या चाकांमधून वाट काढावी लागते, आणि त्या जरा थबकल्या की मागून हॉर्न सुरू होतात. सिग्नल एकानेही तोडलेला नसतो, स्टॉप लाइन मात्र सगळ्यांनी ओलांडलेली असते. यांतल्या कोणाचा फोटो काढायचा? वीस जणांचा काढला तरी त्या आजींना उद्या वाट मिळेल का? समंजसपणे गाडी चालवणे आणि तक्रार करणे या दोन गोष्टींचा एकमेकींशी नेमका किती संबंध आहे, यावर सदस्यांनी लिहावे, अशी विनंती आहे.

तीनचाकी

विषय चांगला आहे, पण लेखात एक बाजू राहिली आहे. तक्रार कशाची होते याबरोबरच ती कोणाची होते हेही पाहायला हवे. आमच्या घरात दोन पिढ्या रिक्षाचा व्यवसाय आहे. रिक्षा पट्ट्यांवर उभी राहते तेव्हा अनेकदा मागच्या आसनावरून ‘इथेच सोडा’ असा आदेश आलेला असतो, आणि त्या चौकाच्या आसपास प्रवासी उतरवायला जागाच ठेवलेली नसते. फोटोत दिसते ती रिक्षा आणि तिचा क्रमांक. आदेश देणारा प्रवासी पैसे देऊन निघून गेलेला असतो. खाद्यपदार्थ पोहोचवणाऱ्या मुलांचेही तसेच आहे. त्यांच्या राँग साइडचे समर्थन मी करत नाही, परंतु ठरलेल्या मिनिटांत डबा पोहोचला नाही की त्याच मुलाला कमी गुण देणारा ग्राहक त्याचाच फोटो गटावर टाकतो, ही विसंगती कोणी बोलून दाखवत नाही. काळ्या काचांच्या मोठ्या गाडीने कट मारला तर फोन बाहेर काढण्याआधी ती पुढच्या चौकात पोहोचलेली असते. शिवाय तिच्या चालकाशी वाकडे कोण घेणार, हाही विचार माणूस करतोच.

मांडवीतीर

गोव्याचा अनुभव या चर्चेत उपयोगी पडेल. आमच्याकडे नोव्हेंबर 2017 मध्ये पोलिसांनी ‘ट्रॅफिक सेंटिनेल’ योजना सुरू केली. नियमभंगाचे फोटो व्हॉट्सॲपवरून पाठवायचे, त्याबद्दल गुण मिळवायचे आणि गुण साठले की रोख बक्षीस घ्यायचे, अशी तिची रचना होती. सुरुवातीला कौतुक झाले. नंतर मात्र बक्षीस लावले की काय होते ते सगळ्यांना दिसले: माणूस धोकादायक गुन्हा शोधत नाही, सोपा गुन्हा शोधतो. ज्या वळणावर लोक गाडीचा वेग कमी करतात तिथे उभे राहिले की हेल्मेट नसलेल्यांचे फोटो हवे तितके मिळतात. भरधाव जाणाऱ्या भाड्याच्या गाडीचा फोटो काढायला तितकीच मेहनत घेतली तरी बहुधा धूसर चित्र हाती येते आणि गुण मिळत नाहीत.

दुसरी अडचण गावगाड्याची आहे. आमचे राज्य इतके लहान की फोटो कोणी काढला हे तिन्हीसांजेपर्यंत वाड्यावर कळते, आणि मग वाद वाहतुकीचा राहत नाही, तो दोन घरांचा होतो. विरोध वाढत गेला, योजना गुंडाळली गेली, आणि ती पुन्हा आणण्याची भाषा अधूनमधून ऐकू येते. दिल्लीने सप्टेंबर 2024 मध्ये आपली योजना ‘ट्रॅफिक प्रहरी’ या नावाने पुन्हा आणली आणि महिन्यातील पहिल्या चार जणांसाठी 50,000, 25,000, 15,000 आणि 10,000 रुपयांची बक्षिसे ठेवली. माझ्या मते हा मार्गच चुकीचा आहे, कारण त्यातून रस्त्याची काळजी असलेले नागरिक तयार होण्यापेक्षा कमिशनवर काम करणारे लोक तयार होण्याची शक्यता जास्त आहे.

पदपथ

हेल्मेट न घालण्याला येथे ‘सोपा गुन्हा’ म्हटले गेले आहे, त्याला माझी हरकत आहे. ज्या अहवालाचा आधार धागाकर्त्याने घेतला, त्याच 2022 च्या अहवालात हेल्मेट न घातलेल्या 50,029 दुचाकीस्वारांच्या आणि सहप्रवाशांच्या मृत्यूची नोंद आहे. गुन्हा टिपायला सोपा आहे म्हणून तो किरकोळ ठरत नाही.

एवढे मात्र मान्य करतो की हेल्मेट न घालणारा प्रामुख्याने स्वतःचा जीव धोक्यात घालतो. त्याच वर्षी 32,825 पादचारी मेले, आणि त्यांच्यासाठी कोणत्याही ॲपमध्ये वेगळा रकाना मी पाहिलेला नाही. ‘पादचाऱ्याला वाट दिली नाही’ अशी तक्रार करायची झाली तर ती कशी आणि कुठे मांडायची?

कार्डिफवासी

पदपथ यांच्या प्रश्नाचे एक उत्तर मी राहतो त्या देशात मिळते. ब्रिटनच्या 1988 च्या रोड ट्रॅफिक ॲक्टच्या कलम 3 मध्ये दोन गोष्टी शेजारीशेजारी गुन्हा ठरवल्या आहेत: निष्काळजीपणे गाडी चालवणे आणि रस्त्यावरच्या इतरांचा पुरेसा विचार न करता गाडी चालवणे. दुसऱ्या प्रकारात एखाद्याची प्रत्यक्ष गैरसोय झाली हे दाखवावे लागते, अपघात घडलाच पाहिजे अशी अट नाही. सरकारी अभियोक्त्यांच्या मार्गदर्शनात याची उदाहरणे दिली आहेत आणि ती वाचताना मला आपलेच रस्ते आठवतात: पुढच्याने बाजूला व्हावे म्हणून दिवे मारत राहणे, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर अप्पर तसाच ठेवणे, कारण नसताना ओव्हरटेकच्या मार्गिकेत रेंगाळणे, डबक्यातून गाडी नेऊन पायी चालणाऱ्यांना भिजवणे. ऑगस्ट 2013 पासून अशा वागण्याबद्दल न्यायालयात न जाताही 100 पौंड दंड आणि परवान्यावर 3 दंडगुण अशी कारवाई होऊ शकते.

नागरिकांच्या चित्रणाचे म्हणाल तर वेल्समध्ये ‘ऑपरेशन स्नॅप’ आहे. ते 2016 मध्ये उत्तर वेल्समध्ये सुरू झाले आणि पुढच्या वर्षी वेल्सच्या चारही पोलीस दलांनी स्वीकारले. त्याचे काही संकेत मला फार शहाणपणाचे वाटतात. ते चित्रफीत मागतात, आणि घटनेच्या आधीचा व नंतरचा काही भागही मागतात, म्हणजे तक्रारदाराने आधी डिवचले होते का हे कळते. चित्रण समाजमाध्यमांवर टाकू नये, टाकले असेल तर काढावे, असे सांगतात. तक्रारदाराला नाव द्यावे लागते आणि प्रकरण न्यायालयात गेले तर साक्षीला उभे राहण्याची तयारी ठेवावी लागते. बक्षीस काहीच नाही. मालकाला कारवाईची सूचना साधारणपणे घटनेपासून चौदा दिवसांत पोहोचावी लागते, त्यामुळे राग धरून महिन्याने केलेली तक्रार आपोआप गळते. येथेही तक्रार करणाऱ्या सायकलस्वारांना वर्तमानपत्रांतून ‘चहाडखोर’ ठरवणारे लोक आहेत, तेव्हा सगळे आलबेल आहे असा समज करून घेऊ नये.

वकिलीबाणा

कार्डिफवासी यांनी सांगितलेल्या तरतुदीचा आपल्या कायद्याशी थेट संबंध आहे, तो येथे नोंदवतो. आपल्या 1988 च्या मोटार वाहन कायद्यातील कलम 184 धोकादायक वाहन चालवण्याबद्दल आहे. 2019 च्या दुरुस्तीने त्याला स्पष्टीकरण जोडले. त्यात लाल दिवा ओलांडणे, हातात धरून फोन वापरणे, प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने गाडी चालवणे यांच्यासोबत एक सर्वसाधारण कसोटीही आहे: सक्षम आणि काळजीपूर्वक गाडी चालवणाऱ्याकडून जी अपेक्षा असते तिच्यापेक्षा फारच खालच्या दर्जाने आणि उघडउघड धोका होईल अशा रीतीने वाहन चालवणे. ही कसोटी ब्रिटिश कायद्यातील धोकादायक वाहनचालनाच्या व्याख्येशी जवळजवळ शब्दशः जुळते. म्हणजे धोक्याची कसोटी आपल्याकडे आली आणि इतरांचा विचार न करण्याचा वेगळा, सौम्य गुन्हा मात्र आला नाही. त्यामुळे आपल्याकडे एक मोठी पोकळी राहते. चिखल उडवणाऱ्याला कलम 184 लावणे अतिरेकाचे होईल, आणि त्याच्याखाली फारसे काही उरत नाही. हॉर्नसाठी 194-एफ हे स्वतंत्र कलम आहे, विनाकारण किंवा सतत हॉर्न वाजवल्यास पहिल्या वेळी एक हजार रुपये दंड आहे. रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्यासाठी 194-ई आहे, त्यात दहा हजार रुपयांचा दंड होऊ शकतो. 2017 च्या वाहनचालनविषयक नियमावलीत पादचारी, सायकलस्वार, मुले आणि वृद्ध यांची विशेष काळजी घेण्याची अपेक्षाही लिहिलेली आहे. कागद अगदीच कोरा नाही, पण अंमलबजावणी कशाची होते ते आपण जाणतोच.

आता पुराव्याकडे येतो, कारण बहुतेक तक्रारी तिथेच अडखळतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट 2021 मध्ये 167-ए हा नियम आला. त्यात इलेक्ट्रॉनिक देखरेखीची साधने, त्यांना लागणारे मान्यता प्रमाणपत्र आणि गुन्ह्यापासून पंधरा दिवसांत सूचना पाठवण्याचे बंधन आहे. सामान्य माणसाचा फोन हे असे मान्यताप्राप्त साधन नव्हे. म्हणून आपण पाठवलेला फोटो ही पोलिसांना दिलेली माहिती समजावी. त्यावरून वाहन कोण चालवत होते हे मालकाला विचारण्याचा अधिकार कलम 133 ने पोलिसांना दिला आहे. वाहनमालकाने दंड नाकारून न्यायालयाचा रस्ता धरला तर मूळ चित्रण लागते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्याच्या नमुन्यात फाइलचे हॅश मूल्य (फाइलची ओळख पटवणारा संगणकीय ठसा) नमूद करावे लागते. व्हॉट्सॲपवरून फिरवलेला व्हिडिओ दाबून लहान केला जातो, त्याचे हॅश मूल्य मूळ फाइलशी जुळत नाही. गटावर टाकण्याची घाई करून मूळ फाइल फोनमधून पुसून टाकणारा तक्रारदार आपली तक्रार स्वतःच्या हातांनी लंगडी करतो.

एक जाता जाता: गाडी चालवताना फोन हातात धरून दुसऱ्याचे चित्रण करणारा माणूस स्वतःच कलम 184 च्या स्पष्टीकरणात बसतो. असे व्हिडिओ अभिमानाने पाठवणारे मला अनेक भेटले आहेत.

घाटवाट

कायद्याची चर्चा वाचून समाधान झाले, तरी समंजस चालनाचा मोठा भाग कधीच चलानावर येणार नाही, असे मला वाटते. अरुंद घाटात दोन गाड्या एकदम निघत नसतील तर चढणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यावे, हा लिखित नियम आहे. आंबेनळीच्या एका वळणावर महाबळेश्वरकडे चढणारी एसटी आणि उतरणारी मोटार समोरासमोर आलेली मी पाहिली आहे. मोटारीच्या मागे थोडी रुंद जागा होती, एसटीच्या मागे दरीकडचा कठडा आणि रांग. मोटारचालकाने इंजिन बंद केले आणि खिडकीतून हात बाहेर ठेवून बसून राहिला. शेवटी कंडक्टर उतरला, मोटारीच्या मागे जाऊन उभा राहिला आणि बॉनेटवर नव्हे, डिकीवर हलकेच थापा मारत ‘येऊ द्या, येऊ द्या, अजून हातभर आहे’ असे म्हणत त्याने ती गाडी मागे घेववली. एसटीच्या चालकाने जाताना हात वर केला, मोटारवाल्याने मान फिरवली.

येथे कोणती तक्रार करणार आणि तिचा पुरावा काय? पण त्या कंडक्टरने जे केले ते घाटात गाडी चालवणारे जुने लोक रोज करतात. ट्रकवाला उजवा इंडिकेटर देऊन ‘आत्ता नको’ म्हणतो, डावा देऊन ‘निघा’ म्हणतो. हे संकेत वाहन परवान्याच्या परीक्षेत कोणी विचारत नाही, आणि द्रुतगती मार्गावर शिकलेल्या नव्या चालकांना तर ते ठाऊकच नसतात. त्यांतही एक धोका आहे, तो सांगायला हवा: डावा इंडिकेटर म्हणजे वाट मोकळी, असे मानून डोळे झाकून पुढे जाणारे वळणावर समोरच्या गाडीवर आदळतात. दुसऱ्याच्या समंजसपणावर आपले डोळे गहाण टाकू नयेत.

तीनचाकी

वकिलीबाणा यांना एक प्रश्न. चलान आले तरी लोक भरत नाहीत, लोकअदालतीची वाट पाहतात आणि तिथे तडजोडीने कमी रकमेत सुटतात, असा सर्वसाधारण समज आहे. रिक्षावाल्याला पासिंगच्या वेळी थकलेला दंड आडवा येतो म्हणून तो भरतोच. खाजगी गाडीवाल्याला तशी निकड नसते. मग नागरिकांनी इतके कष्ट घेऊन पाठवलेल्या तक्रारींचा भार पुन्हा व्यावसायिक चालकांवरच पडणार नाही का?

वकिलीबाणा

समज बऱ्याच अंशी खरा आहे आणि आपली शंका रास्त आहे. तडजोडीची सवय लागली की दंडाचा धाक जातो, मग चलान पोलिसांनी केलेले असो वा नागरिकाच्या माहितीवरून. त्यावर माझ्याकडे सोपे उत्तर नाही. तक्रारीचे पुढे काय झाले हे तक्रारदाराला कळवले जावे, ही मागणी मात्र नागरिकांनी लावून धरण्यासारखी आहे: कारवाई केली, केली नाही, आणि केली नसेल तर फोटो अस्पष्ट होता की गुन्हाच बसत नव्हता. उत्तर मिळत नाही म्हणून लोक पोलिसांकडे पाठवणे सोडून गटावर चेहऱ्यासकट टाकू लागतात. त्यातून शेजारपाजारची भांडणे निघतात आणि पार्किंगच्या जुन्या वैराला तक्रारीचे हत्यार मिळते.

आज तक्रार करायची असेल तर मी एवढेच सुचवेन. गाडी चालवत असाल तर फोनला हात लावू नये. डॅशकॅम असेल तर त्यातील चित्रण घरी आल्यावर काढावे. आधीचे आणि नंतरचे काही क्षण कापू नयेत. ठिकाण, वेळ आणि वाहनाची दिशा शब्दांत लिहावी. पंधरा दिवसांची मर्यादा लक्षात घेऊन तक्रार त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पाठवावी, आणि मूळ फाइल जपून ठेवावी. चालकाशी रस्त्यात हुज्जत घालू नये.

सावकाश

सर्वांचे आभार. नळस्टॉपच्या माझ्या उदाहरणाला उत्तर मात्र तक्रारीत सापडत नाही, हे चर्चेवरून माझ्यापुरते स्पष्ट झाले. तिथे वीस जणांना वीस चलाने पाठवण्यापेक्षा स्टॉप लाइन झेब्रा पट्ट्यांपासून आणखी मागे रंगवावी आणि पादचाऱ्यांसाठीचा वेळ वाढवावा, असा अर्ज महापालिका आणि वाहतूक शाखा या दोघांना एकत्र द्यावा, असे वाटते. मसुदा लिहितो आहे, तो येथेच टाकेन. सह्यांसाठी त्या परिसरातील सदस्यांनी कळवावे.

पदपथ

मी त्याच परिसरात राहतो, सही देईन. अर्जात ‘वेळ वाढवावा’ एवढेच लिहिले तर ‘पाहणी करू’ असे उत्तर येईल. रस्त्याची रुंदी, पादचाऱ्यांचा सध्याचा हिरवा वेळ आणि काठी घेऊन चालणाऱ्या माणसाला प्रत्यक्षात लागणारा वेळ, हे तिन्ही मोजून घालावे. शनिवारी सकाळी गर्दी कमी असते, तेव्हा टेप घेऊन रुंदी मोजता येईल. वेळ मात्र संध्याकाळी सहानंतरच मोजावा, कारण चाके पुढे सरकतात ती तेव्हाच.